अंड्यांची कूस

थंडी सरता सरता कोंबड्यांत साथ आली आणि पंधरा दिवसांत गावातली खुराडी रिकामी झाली. सकाळी दाणे टाकायला जावं तर निम्म्या कोंबड्या मान टाकून पडलेल्या, उरलेल्या डोळे मिटून कोपऱ्यात. माणसांनी खड्डे खणले आणि वर चुना टाकला. अकरा घरांत मिळून साठेक कोंबड्या तेवढ्या वाचल्या. त्या पुन्हा अंड्यावर आल्या तेव्हा ती अंडी फोडून खायची कुणाची छाती झाली नाही.

ती सगळी अंडी आता मिस्त्रींच्या घरात होती. मोजून तीनशे बारा. मिस्त्रींच्या सुनेनं दोन वर्षांपूर्वी हट्ट करून अंडी उबवायचं यंत्र घेतलं होतं. कपाटाएवढी पांढरी पेटी, आत चार ट्रे, उबेला तारा, ऊब सगळीकडे पोचवायला छोटा पंखा, आणि पाठीमागे बाहेरच्या अंगाला तळहातावर मावेल एवढी एक चपटी मोटर. प्रत्येक अंड्यावर तिनं पेन्सिलीनं ज्याच्या त्याच्या घराची खूण केली होती. शिंपीणकाकूंच्या चव्वेचाळीस अंड्यांवर कात्री, सुताराच्या अंड्यांवर करवतीचे तीन दात. रीत अशी की दहा पिल्लांमागे एक यंत्राचं, बाकीची ज्याची त्याला. पण या खेपेला रीतभात दूर राहिली. ही अंडी नासली तर पुढच्या वर्षी गावाला उठवायला कोंबडा उरला नसता, आणि त्याचं खापर कुणाच्या डोक्यावर फुटेल हे सुनेला पक्कं ठाऊक होतं.

कोंबडी अंड्यावर बसते तेव्हा ती नुसती बसत नाही. चोचीनं एकेक अंडं ढकलून त्याची कूस बदलत राहते. तसं केलं नाही तर आतला जीव एका बाजूला कवचाला चिकटतो आणि तिथंच संपतो. यंत्रात हे काम त्या चपट्या मोटरीचं. दर दोन तासांनी ती आपणहून सुरू व्हायची, सावकाश अर्धा फेरा घ्यायची, तिच्या आसाला लावलेला बोटभर दांडा आतली सळई खेचायचा आणि चारही ट्रे डाव्या कुशीवरून उजव्या कुशीवर कलायचे. पुढच्या खेपेला परत डावीकडे. अठरा दिवस हे चालायला हवं होतं.

मिस्त्री म्हणजे सुनेचे सासरे. चाळीस वर्षं त्यांनी विहिरींवरच्या पंपांच्या मोटरी भरल्या. जळालेली तांब्याची तार उपसून काढायची, नवी तार वेढे मोजून बसवायची, वार्निश पाजायचं, उन्हात वाळवायचं. आवाजावरून मोटरीचं दुखणं सांगणारा माणूस म्हणून पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं. दोन वर्षांपूर्वी हात थरथरायला लागले, वेढे चुकायला लागले, तेव्हा लेकानं घरामागच्या शेडला कुलूप लावलं. तेव्हापासून मिस्त्री बसून होते, आणि बसून राहणं त्यांना मानवत नव्हतं. बायको म्हणायची, "घरातला पंखा सुद्धा तुम्हाला घाबरून फिरतो."

सहाव्या दिवशी सकाळी मिस्त्री चहाचा कप घेऊन यंत्रामागे बसले होते. मोटर सुरू झाली, दांडा उजवीकडून वर गेला. मिस्त्रींनी पाहिलं. दोन तासांनी परत सुरू झाली आणि दांडा उलटा फिरून उजवीकडूनच खाली आला. मिस्त्रींनी दुसऱ्या चहाचा कप खाली ठेवला. त्यांना वाटलं नजर चुकली. तिसऱ्या खेपेला ते डोळ्यांत तेल घालून बसले. मोटर क्षणभर थरथरली आणि पुन्हा उलटीच फिरली.

चाळीस वर्षांत त्यांनी अशी लहरी मोटर पाहिली नव्हती. मोटर ज्या दिशेला जोडली त्या दिशेला फिरते, हे त्यांच्यासाठी उन्हाएवढं खरं होतं. स्वतःच्या मनानं दिशा बदलणारी एकच मोटर त्यांना माहीत होती, ती म्हणजे आजारी मोटर. घरगुती विजेवर चालणाऱ्या मोटरीला सुरुवातीचा धक्का द्यायला वेगळी तार गुंडाळलेली असते. ती तार गेली की मोटर नुसती गुणगुणते, आणि हातानं ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूला पळायला लागते. मग तापते, मग जळते. अशा दीडदोनशे मोटरी त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या.

सून शेळ्यांना पाला आणायला बांधावर गेली होती. लेक दुधाचा टेम्पो घेऊन पहाटेच बाहेर पडला होता. बायको दारात दाणे पाखडत होती. तिनं विचारलं, "काय करताय?"

"काही नाही. जरा बघतो."

"तुमचं जरा बघणं मला माहिती आहे. चालतंय ना ते? मग चालू द्या."

"चालतंय म्हणून बघायचं. बंद पडल्यावर काय बघायचं?"

त्यांनी मोटरीपुरती वीज काढली, तिचे दोन स्क्रू सोडले, शेडचं कुलूप उघडलं आणि ती आपल्या जुन्या मेजावर नेऊन ठेवली. झाकण पत्र्याचं, चार जिभा वळवून बसवलेलं. जिभा उचलताना हात थरथरला, झाकण एकदम निसटलं आणि आतली प्लॅस्टिकची दातेरी चाकं मेजावर सांडली. एक घरंगळून खाली गेलं. ते शोधायला मिस्त्री मागं सरकले आणि पायाखाली कटकन आवाज झाला.

तरी त्यांनी हात आवरला नाही. आता थांबलं तर नुसतीच मोडतोड केल्यासारखं होईल, म्हणून ते आजार शोधत राहिले. आत सुरुवातीच्या धक्क्याची तार नव्हतीच. नुसती एक वाटोळी गुंडाळी, केसाएवढ्या बारीक तारेची, आणि मधोमध पंपाच्या मोटरीत असतो तसा पिंजरा नव्हे तर एक काळी गोटी. स्क्रू ड्रायव्हर जवळ नेला तर गोटी त्याला येऊन चिकटली. लोहचुंबक. ती सोडवताना ड्रायव्हर घसरला आणि केसाएवढी तार तुटली.

सून परतली तेव्हा चार वाजले होते. पाल्याचा भारा दारात टाकून ती सवयीनं यंत्रामागे गेली.

"बाबा, मोटर कुठं आहे?"

"गेली होती ती," मिस्त्री म्हणाले. "स्टार्टिंग गेलं होतं तिचं. कधी उजवी, कधी डावी फिरत होती. आज नाही तर उद्या जळालीच असती."

"कधीपासून बंद आहे?"

"अकरा वाजल्यापासून."

सुनेनं कपाळावरचा घाम पदरानं पुसला. पाच तास अंडी एका कुशीवर पडून होती. मग ती म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून कळलं तरी. मला आपलं वाटत होतं की दोन्हीकडे फिरायचीच तिची पद्धत असेल."

हे ती मनापासून म्हणाली आणि मिस्त्रींनी ते मनापासून ऐकून घेतलं. त्या वेळी त्यांना स्वतःलाही तेच खरं वाटत होतं, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. बायको मात्र पाखडता पाखडता म्हणाली, "चालत्या गाडीला खीळ घातली म्हणायची."

मिस्त्रींनी एका जुन्या पान्याला भोक पाडून मोटरीच्या जागी मूठ बसवली. आता ती मूठ हातानं अर्धा फेरा फिरवायची, की ट्रे कलणार. झटका बसता कामा नये, नाहीतर अंडी एकमेकांवर आपटतात. तिसापर्यंत आकडे म्हणत सावकाश न्यायची. लेकानं तालुक्याच्या दुकानात चौकशी केली, तर तसली मोटर बाहेरून मागवावी लागेल, आठ-दहा दिवस जातील असं उत्तर आलं. तोवर हेच.

दिवसाची पाळी मिस्त्रींनी स्वतःकडे घेतली, रात्रीची लेक आणि सून वाटून घेत. उजव्या हाताची थरथर मुठीत उतरायची, म्हणून मिस्त्री डाव्या हातानं उजवं मनगट धरत आणि दोन्ही हातांनी फिरवत. दुसऱ्याच दिवशी खांदा भरून आला. पाठ पेटीच्या उबेनं घामाघूम, गुडघे गार फरशीवर. फेरा पुरा झाला की पाटीवर खडूनं रेघ. मधल्या दोन तासांत कुठं जाता येत नसे, झोप लागत नसे.

आठव्या दिवशी दुपारी सून त्यांच्याजवळ मटारच्या शेंगा सोलत बसली होती. तिला प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी जायची सवय. यंत्राबरोबर आलेलं पुस्तक तिनं तीनदा वाचलं होतं, पण त्यात मोटरीबद्दल दोनच ओळी होत्या.

"बाबा, उलटी फिरली म्हणजे मोटर आजारी, हे कशावरून?"

मिस्त्रींना बरं वाटलं. दोन वर्षांत त्यांना कुणी मोटरीबद्दल विचारलं नव्हतं. "चल, दाखवतो," ते म्हणाले.

शेडमध्ये एका पंपाच्या मोटरीचं रिकामं अंग पडलं होतं. बाहेरचं लोखंडी नळकांडं आणि त्याच्या आतल्या खाचांत बसवलेली तांब्याची गुंडाळी, मध्ये काही नाही. मिस्त्रींनी ते आडवं केलं, बेअरिंगमधली एक पोलादी गोळी आत टाकली आणि तीन तारा जोडून अगदी थोडी वीज सोडली. गोळी हलली. आतल्या भिंतीला धरून पळायला लागली, वर चढली, छतावरून गेली, खाली आली, आणि गोल गोल फिरतच राहिली.

सुनेच्या हातातली शेंग तशीच राहिली. "तिला कोण पळवतंय?"

"आत काहीच फिरत नाही बघ. तार जागच्या जागी. पण वीज तिन्ही तारांतून एकदम येत नाही, एकीमागून एक येते. एकीची भरती तेव्हा दुसरीची ओहोटी. त्यामुळं लोखंडातला जोर गोल पळतो, आणि गोळी त्याच्यामागं." त्यांनी वीज काढली, दोन तारांची अदलाबदल केली आणि परत सोडली. गोळी उलटी पळायला लागली. "दिशा या दोन तारा ठरवतात. मोटरीला स्वतःचं मन नसतं."

"आणि खऱ्या मोटरीत गोळीच्या जागी काय?"

"पिंजरा. ॲल्युमिनियमच्या सळ्यांचा. त्याला बाहेरून एकही तार जात नाही. पळता जोर त्याच्यावरून गेला की सळ्यांत आपोआप वीज उठते, ती विजेची सळई चुंबकासारखी वागते आणि जोरामागं ओढली जाते. जोर मिनिटाला पंधराशे फेरे घेतो. पिंजरा घेतो चौदाशे चाळीस."

"साठ कुठं गेले?"

"मागं राहतो तो. नेहमीच. ओझं वाढलं की आणखी थोडा मागं पडतो, आणि जितका मागं पडेल तितका जास्त जोर लावतो."

"कधीच गाठत नाही?"

"गाठलं तर संपलं. दोघं बरोबर चालायला लागले की जोर सळ्यांवरून जाणार कसा? वीज उठणार नाही, ओढ राहणार नाही. म्हणून परत मागं."

सून हसली. "म्हणजे आपल्या घरासारखंच. आई पुढं आणि तुम्ही साठ पावलं मागं."

मिस्त्रीही हसले. मग तिनं मेजावरची काळी गोटी उचलली. "पण पिंजऱ्यात वीज उठल्यावर तो चुंबक होतो म्हणता. मग या छोटीच्या पोटात आधीपासून चुंबक कशाला घालून ठेवलाय?"

 "असेल काहीतरी बनवणाऱ्याची भानगड," ते म्हणाले आणि पाळीची वेळ झाली म्हणून उठले.

पण प्रश्न डोक्यात राहिला. नवव्या दिवशी दुपारचा फेरा झाल्यावर ते शेडमध्ये गेले. चष्म्यावर भिंग धरून, मनगट मेजाला टेकवून त्यांनी ती केसाएवढी तुटकी तार डाग देऊन जोडायला घेतली. पाचदा चुकली, सहाव्यांदा बसली. दाते तुटलेली चाकं बाजूला ठेवून नुसती गोटी जागेवर बसवली आणि वीज सोडली. गोटी थरथरली आणि उजवीकडे भिरभिरायला लागली. बंद केली, सोडली. परत उजवीकडे. बंद केली, सोडली. डावीकडे. गुंडाळीला हात लावला तर नुसती कोमट.

त्यांनी फिरत्या आसावर अंगठा टेकवला. पंपाची मोटर अशा वेळी थोडी मंदावते, आवाज जड होतो. ही मंदावली नाही. अंगठा आणखी दाबला, तरी वेग तोच, सुताइतकाही कमी नाही. आणखी दाबला, आणि ती एकदम थांबली. मागं पडणं तिला ठाऊकच नव्हतं. एक तर विजेच्या पावलाबरोबर पाऊल, नाहीतर जागच्या जागी ठप्प. अंगठा काढताच ती क्षणभर जागीच डोलली आणि उलट्या दिशेला निघाली.

मिस्त्री स्टुलावर बसले. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं. इथं गुंडाळी एकच. तिच्यातला जोर गोल पळत नाही, नुसता इकडून तिकडे आणि तिकडून इकडे होतो, सेकंदाला पन्नास वेळा. मधला चुंबक आधी त्या हेलकाव्यांबरोबर डोलतो आणि डोलता डोलता ज्या बाजूला पाऊल जुळेल त्या बाजूला निघतो. कधी उजवी, कधी डावी. आणि ट्रेला त्याचं काय? दांडा उजवीकडून वर जावो की डावीकडून, वर गेला म्हणजे झालं. बनवणाऱ्याला दिशा नकोच होती, म्हणून त्यानं दिली नव्हती.

मोटर ठणठणीत होती. आजार मिस्त्रींच्या डोक्यात होता. 

संध्याकाळी सांगू असं त्यांनी ठरवलं. संध्याकाळी लेक दमून आला, म्हणून उद्यावर टाकलं. आणि दुसऱ्या दिवशी सुनेनं अंडी पारखायला काढली. खिडक्यांना गोधड्या लावून खोलीत अंधार केला आणि एकेक अंडं बॅटरीच्या झोतावर धरून पाहिलं. ज्यात लाल शिरांचं जाळं आणि काळा ठिपका हलतोय ते जिवंत. बावीस अंड्यांत काही हललं नाही. प्रत्येक खेपेला बावीस-पंचवीस जातातच, पण मिस्त्रींना ते कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी ती बावीस परातीत मांडलेली पाहिली आणि प्रत्येक अंड्यावर आपलंच नाव असल्यासारखं त्यांना झालं.

शिंपीणकाकू दारावर आल्या. त्यांच्या चव्वेचाळीसांतली पाच गेली होती.

"माझी चूक, काकू," सून म्हणाली. "मोटरच सदोष निघाली. घेताना नीट पारखायला हवी होती."

"तरी मी म्हणत होते, पेटीत कुठं आईची माया येते," शिंपीणकाकू म्हणाल्या. "यंत्रच खोटं आहे तुझं."

सुनेनं मान खाली घातली. मागं मूठ फिरवत असलेले मिस्त्री सतरापर्यंत आले होते. त्यांनी तोंड उघडलं, तो खोकला आला, आणि खोकला सरेपर्यंत बोलायची वेळ निघून गेली. आकडा चुकला म्हणून त्यांनी पुन्हा दहापासून धरलं.

मग एकेक दिवस जात राहिला. सून पाण्याला जाताना, गिरणीत, दुकानात, जिथं तिथं हेच सांगत होती की चूक माझी. मिस्त्री रेघा मारत होते. त्यांचं जेवण तुटलं. बायकोनं एकदा विचारलं, "काय लपवताय?" तर म्हणाले, "खांदा दुखतोय." तिनं तेल चोळून दिलं आणि पुढं विचारलं नाही.

पंधराव्या दिवशी दुपारी लेक नवी मोटर घेऊन आला. नेमक्या त्याच वेळी शिंपीणकाकू टोपली घेऊन आल्या होत्या, आत कापूस आणि चिंध्या. त्यांची एक कोंबडी खुडूक बसली होती आणि आपली अंडी परत न्यायचं त्यांनी ठरवलं होतं.

"काकू, पंधरावा दिवस आहे," सून काकुळतीला आली. "आता गार वारा लागला तर सगळी जातील. आणि तुम्ही नेलीत की बाकीचेही येतील. जरा थांबा, नवी मोटर आली आहे. चालताना बघा आणि मग ठरवा."

शिंपीणकाकूंनी टोपली खाली ठेवली, पण हातातून सोडली नाही. लेकानं मोटर बसवली, सुनेनं तपासणीचं बटण दाबलं. दांडा उजवीकडून वर गेला, ट्रे कलले. सुनेनं सुस्कारा सोडला. खात्रीला म्हणून तिनं पुन्हा दाबलं. उजवीकडे. तिसऱ्यांदा दाबलं. मोटर थरथरली आणि डावीकडे निघाली.

 सुनेचा चेहरा पांढरा पडला. "ही पण तशीच," ती म्हणाली.

"उद्या परत करून येतो," लेकानं स्क्रू ड्रायव्हर लावला. "दुसरी मागवू."

"दुसरी येईपर्यंत पिल्लं म्हातारी होतील," शिंपीणकाकू म्हणाल्या आणि टोपली उचलली. "उघड गं दार. माझी मी नेते."

मिस्त्री भिंतीला धरून उठले. गप्प राहिलं तर निभावून जाईल, हे त्यांना त्या क्षणीही दिसत होतं. पण गप्प राहिलं तर चांगली मोटर परत जाणार होती, थंड टोपलीतून अंडी जाणार होती आणि सून जन्मभर खोटी ठरणार होती.

"स्क्रू सोडू नकोस," ते म्हणाले. "मोटर चांगली आहे."

"बाबा, उलटी फिरली की आत्ता."

"फिरणारच. तिची जात तशी आहे. पहिलीही चांगलीच होती. काही झालं नव्हतं तिला. मी मोडली."

एकदा तोंड उघडल्यावर मिस्त्रींनी काही राखून ठेवलं नाही. पायाखाली आलेलं चाक, तुटलेली तार, नवव्या दिवशी फिरवून पाहिलेली गोटी, सगळं सांगितलं. "मला एकाच जातीची मोटर माहीत. मागं मागं पळणारी. ही पाऊल जुळवून चालणारी आहे, आणि पहिलं पाऊल कुठल्या बाजूला टाकायचं ते तिला कुणी सांगितलेलं नाही. सुनेचा काही दोष नाही, काकू. यंत्राचाही नाही."

शिंपीणकाकूंनी डोळे बारीक केले. "माझ्या शिवणयंत्राचं चाक उलटं फिरलं तर दोरा गुंततो."

"तुमच्या चाकाला टाका घालायचाय. हिला नुसतं उचलायचं आणि ठेवायचं. दाबा तुम्हीच बटण. दांडा बघू नका, अंडी बघा."

शिंपीणकाकूंनी काचेतून आत बघत नऊ-दहा वेळा बटण दाबलं. दांडा मनाला येईल तिकडून जात होता आणि ट्रे दर वेळी बिनचूक एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर येत होते. शेवटी त्यांनी टोपली काखेला मारली.

"म्हणजे धडधाकट माणसाला नेऊन आजारी पाडलंत म्हणायचं," त्या म्हणाल्या. "राहू द्या. सहा दिवसांनी येते."

त्या गेल्या. लेक टेम्पो धुवायला गेला. सून आत निघून गेली. चूल पेटली, भांडी आदळली. दिवेलागणीला ती बाहेर येऊन मिस्त्रींसमोर बसली.

"नवव्या दिवशी कळलं तुम्हाला?"

"हो."

"आज पंधरावा."

"हो."

"मोडली त्याचं काही नाही, बाबा. कुणाच्याही हातून मोडते. पण सहा दिवस मी दारोदार सांगत होते की चूक माझी, आणि तुम्ही इथं बसून ऐकत होतात. त्याचा मला फार राग आलाय."

"यायलाच पाहिजे," मिस्त्री म्हणाले. "नाव राखत होतो माझं. तुझं घालवून."

तिनं डोळे पुसले आणि उठून गेली. तिच्या रागापुढं मिस्त्रींना लाज वाटली, पण सहा दिवसांत पहिल्यांदा छातीवरचा दगड उतरल्यासारखंही झालं. त्या रात्री ते पोटभर जेवले.

सकाळी त्यांनी धुतलेला सदरा घातला आणि शिंपीणकाकूंचं सोडून उरलेल्या दहा घरी स्वतः गेले. प्रत्येक दारात तेच सांगितलं. सुतार म्हणाला, "मिस्त्री, आमच्या पंपाला हात लावू नका बरं." गिरणीवाल्यानं चार माणसांसमोर पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. एका घरी म्हातारीला ऐकू येत नव्हतं, तिला ओरडून सांगावं लागलं, तेव्हा आख्ख्या गल्लीनं ऐकलं. दहावं घर होईपर्यंत मिस्त्री स्वतःच हसून सांगायला लागले होते. घरी आले तर सुनेनं पुढ्यात चहा ठेवला. बोलली नाही, पण साखर बरोबर होती.

अठराव्या दिवशी मोटर बंद केली. आता कूस बदलायची नव्हती. एकोणीस आणि वीस हे दोन दिवस घरात कुणाचं लक्ष कामात नव्हतं. एकविसाव्या दिवशी सकाळी सून पेटीला कान लावून बसली आणि एकदम म्हणाली, "बाबा, इकडं या."

मिस्त्रींनी कान लावला. आतून टकटक येत होती. एक, मग दोन, मग इतक्या की मोजता येईना. काचेतून त्यांना कात्रीच्या खुणेचं एक अंडं दिसलं, त्याला चीर गेली होती आणि चिरेतून चोच हवा घेत होती. अर्ध्या तासानं ओलं पिल्लू बाहेर पडलं, आडवं झालं, धडपडून उठलं. मिस्त्रींना ते धूसर दिसायला लागलं, म्हणून त्यांनी चष्मा पुसला, पण चष्म्यावर काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोनशे एकसष्ट पिल्लं मोजून झाली. इतकी एका खेपेला यंत्रानं कधीच दिली नव्हती. अकरा घरची माणसं टोपल्या घेऊन आली, खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. शिंपीणकाकूंची सदतीस. त्यांनी दशमांश म्हणून तीन द्यायची ती पाच दिली आणि म्हणाल्या, "पेटीत माया येते बाई." सून हसता हसता रडली. मिस्त्रींची बायको म्हणाली, "सुटलो एकदाचे," आणि भिंतीला टेकून भर दुपारी झोपून गेली.

चार दिवसांनी सून दुसऱ्या खेपेची अंडी लावत होती. मिस्त्री तिला ट्रे उचलून देत होते. मागच्या बाजूला वाकले तेव्हा त्यांना मोटरीच्या वर पांढऱ्या पत्र्यावर काळ्या रंगानं, सुनेच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं दिसलं.

"दोन्ही बाजूंना फिरते. आजारी नाही. हात लावू नये."

मिस्त्रींचे कान लाल झाले. "हे माझ्यासाठी का?"

"येणाऱ्याजाणाऱ्यासाठी," सून अंड्यांवरून मान वर न करता म्हणाली. "आणि खालची ओळ कोण वाचणार?"

मिस्त्री गुडघ्यावर टेकले आणि चष्मा वर सारून त्यांनी खालची बारीक ओळ वाचली.

"शंका आल्यास मिस्त्रींना विचारावे."